स्वराज्य कोणाचे? : बेळगाव-निपाणी परिसरातील स्वातंत्र्यकल्पनेचा मागोवा

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगाव येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे एकोणचाळिसावे अधिवेशन भरले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, एप्रिल १९२५ मध्ये, याच जिल्ह्यातील निपाणी येथे मुंबई प्रांतातील अस्पृश्यांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली झाली. दोन्ही गावांत अंतर सुमारे ७५ किलोमीटरचे. दोन्ही ठिकाणी स्वराज्याची चर्चा झाली; परंतु दोन्ही मांडवांत त्या शब्दाचा अर्थ एकच होता असे म्हणता येत नाही. पहिल्या घटनेची शताब्दी २०२४ साली शासकीय पातळीवर साजरी झाली. दुसरी घटना मात्र आपल्या अभ्यासक्रमात शोधूनच काढावी लागते.

प्रस्तुत लेखाचा हेतू या एका परिसरात 'स्वातंत्र्य' या कल्पनेचा अर्थ काळानुसार आणि माणसांनुसार कसा बदलत गेला, हे पाहणे एवढाच आहे. याची निकड आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. आपल्या शिक्षणसंस्थांत १५ ऑगस्टला जी भाषणे होतात, त्यांत स्वातंत्र्यलढ्यात आपल्या समाजाचा वाटा किती होता याची यादी वाचली जाते. ही नावे खरी आहेत आणि ती विसरली जाऊ नयेत. पण यादी वाचणाऱ्याने एक गोष्ट मनोमन गृहीत धरलेली असते, की स्वातंत्र्य ही एकदाच घडून गेलेली, एकाच अर्थाची वस्तू आहे आणि आपल्याला तिच्यातला हिस्सा तेवढा सिद्ध करायचा आहे. इतिहासाची साधने ही समजूत टिकू देत नाहीत.

शब्दांपासून सुरुवात करू. अरबीतील 'हुर्र' म्हणजे जो कोणाचा गुलाम नाही तो; 'हुर्रियत' हा शब्द त्यावरून आला. फारसीतील 'आझाद' या शब्दाला याशिवाय आणखी एक छटा आहे. सरूच्या झाडाला फळ येत नाही, म्हणून त्याला फळाचा भार नाही, म्हणून तो आझाद, असे फारसी परंपरा मानते. खुलताबादेत चिरविश्रांती घेणारे आझाद बिलग्रामी यांनी आपल्या कविचरित्रग्रंथाला 'सर्व-ए-आझाद' हे नाव दिले, ते याच संकेताला धरून. म्हणजे उर्दूच्या घरात आझादी हा शब्द राजकारणात येण्यापूर्वी गुलामाच्या आणि फकिराच्या संदर्भात वावरत होता.

मराठीतील 'स्वराज्य' या शब्दाचा प्रवास याहून गमतीचा आहे. अठराव्या शतकातील मराठी दफ्तरांत हा शब्द पुष्कळदा महसुली आणि मुलकी परिभाषेतला आहे. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून ज्या सनदा मिळवल्या त्या तीन होत्या : स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी. आपला स्वतःचा मुलूख तो स्वराज्य. त्याबाहेरचा, जिथे केवळ चौथाई-सरदेशमुखीचा हक्क तो मोगलाई. परक्या सत्तेपासून मुक्तता असा ज्या शब्दाचा अर्थ आपण आज वर्गात सांगतो, त्या स्वराज्याची सनद बादशाही दरबारातून आणावी लागली होती. 'मोगलाई' हा शब्द मराठीत पुढे अंदाधुंदीचा वाचक होऊन बसला. "इथे काय मोगलाई माजली आहे काय?" असे विचारणाऱ्याला हा मूळचा महसूल खात्यातला शब्द आहे याची कल्पना नसते. विद्यार्थ्यांना हे सांगितले की निम्मे हसतात आणि निम्मे गप्प बसतात.

कित्तूर : वारस आणि जमीन

काँग्रेस अधिवेशनाच्या बरोबर १०० वर्षे आधी, १८२४ साली, बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे राणी चन्नम्मा यांनी कंपनी सरकारशी युद्ध केले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे या लढाईत मारला गेला. त्याच वर्षीच्या अखेरीस कित्तूरचा किल्ला पडला. बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असताना १८२९ साली राणींचे निधन झाले. आज त्यांचा उल्लेख स्वातंत्र्यलढ्यातील आद्य वीरांगना असा होतो. तो गौरव योग्यच आहे. तथापि त्या वेळी वादाचा मुद्दा काय होता? कित्तूरच्या देसायांना औरस वारस नव्हता आणि घेतलेले दत्तक कंपनीने मान्य केले नाही. संस्थानाच्या दृष्टीने स्वातंत्र्य म्हणजे आपल्या गादीवर कोण बसेल हे आपण ठरवण्याचा अधिकार. हाच प्रश्न पुढे डलहौसीच्या काळात सातारा, झाशी आणि नागपूरला उभा राहिला आणि १८५८ साली नरगुंदच्या बाबासाहेब भावे यांच्या उठावामागेही दत्तकाचेच कारण होते. कित्तूर त्या मालिकेतील फार आधीचे प्रकरण आहे.

पण कित्तूरच्याच लढ्यात संगोळ्ळी रायण्णा हे दुसरे नाव आहे आणि त्याचा प्रश्न दत्तकाचा नव्हता. रायण्णा शेतसनदी होता. गावाच्या व सरकारच्या चाकरीबद्दल ज्याला जमीन मिळते तो शेतसनदी. नव्या राज्यव्यवस्थेत अशा चाकरीच्या जमिनींची मोजणी, जप्ती आणि आकारणी सुरू झाली. पुढे रायण्णाने जो उठाव केला, त्यात त्याच्याबरोबर आलेल्या माणसांपैकी अनेकांच्या पायाखालची जमीन अशीच सरकली होती. त्यांनी कचेऱ्या जाळल्या आणि खजिन्यावर हात टाकला. १८३१ साली नंदगड येथे त्याला फाशी देण्यात आले. एकाच संस्थानासाठी लढणाऱ्या दोघांपैकी राणीला वारसाची सनद हवी होती आणि चाकराला शेताची. आपली पाठ्यपुस्तके दोघांना एकाच परिच्छेदात बसवतात, त्यामुळे हा फरक पुसला जातो.

न्यायालयात गेलेला शब्द

एप्रिल १९१६ च्या अखेरीस मुंबई प्रांतिक परिषद बेळगावला भरली. तिथेच लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष आणि न. चिं. केळकर चिटणीस. १ मे रोजी टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर भाषण केले. त्यानंतर अहमदनगरला आणखी दोन भाषणे झाली. या तीन भाषणांबद्दल सरकारने त्यांच्यावर कारवाई केली आणि पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीसाठी २०,००० रुपयांचा जातमुचलका व १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. उच्च न्यायालयात टिळकांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडली आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो हुकूम रद्द केला.

हे प्रकरण भाषेच्या अध्यापकांनी मुद्दाम पाहावे असे आहे. भाषणे मराठीत झाली होती आणि न्यायालयापुढे त्यांची इंग्रजी भाषांतरे होती. भाषांतराने आपल्या शब्दांचा अर्थ बिघडतो, अशी तक्रार टिळकांनी १९०८ च्या खटल्यातच केली होती. १९१६ साली प्रश्न उरला तो एवढाच, की 'स्वराज्य' म्हणजे काय? टिळकांची मांडणी बादशहा आणि नोकरशाही यांत भेद करणारी होती. बादशहा राहो, कारभार मात्र आमच्या हाती द्या. भाषणे समग्र वाचता त्यांत राजद्रोह दिसत नाही, असा निर्णय झाला आणि साम्राज्यांतर्गत स्वराज्य हा अर्थ एक प्रकारे कायद्याच्या कक्षेत आला. १९१६ चे स्वराज्य आणि आपण आज १५ ऑगस्टला ज्याला स्वातंत्र्य म्हणतो ते, या दोहोंत फार अंतर आहे. १९२१ साली अहमदाबादच्या अधिवेशनात मौलाना हसरत मोहानी यांनी परकीय सत्तेपासून संपूर्ण मुक्तता हा स्वराज्याचा अर्थ व्हावा असा ठराव मांडला, तेव्हा त्याला विरोध खुद्द गांधीजींनी केला होता. काँग्रेसने तो अर्थ स्वीकारला १९२९ साली, लाहोरला.

बेळगाव, डिसेंबर १९२४

आज ज्याला टिळकवाडी म्हणतात त्या भागात अधिवेशनाचे 'विजयनगर' उभे राहिले. पाण्यासाठी खोदलेल्या विहिरीला पंपा सरोवर हे नाव दिले गेले. काँग्रेस विहीर म्हणून ती आजही ओळखली जाते. सारी व्यवस्था गंगाधरराव देशपांडे यांनी पाहिली. कर्नाटक सिंह म्हणून गौरवल्या गेलेल्या या नेत्याने आपले आत्मचरित्र मात्र मराठीत लिहिले, ही बाब सीमाभागात अधूनमधून आठवायला हरकत नाही.

काँग्रेसच्या सबंध इतिहासात गांधीजींनी भूषवलेले हे एकमेव अध्यक्षपद. मावळते अध्यक्ष मौलाना महंमद अली. सप्टेंबरात कोहाटला दंगल झाली होती आणि त्यानंतर गांधीजींनी दिल्लीत मौलानांच्याच घरी २१ दिवसांचा उपवास केला होता. ऐक्याच्या चिंतेचे सावट या अधिवेशनावर होते.

अध्यक्षीय भाषणात गांधीजींनी स्वराज्याचा एक आराखडाच मांडला. लष्करी खर्चात कपात, स्वस्त न्याय, दारूच्या उत्पन्नाचा त्याग, धर्मस्वातंत्र्य, भाषावार प्रांतरचना आणि प्रांतांचा कारभार त्या त्या प्रांताच्या भाषेत. मध्यवर्ती व्यवहारासाठी हिंदुस्थानी भाषा. लिपी देवनागरी किंवा फारसी, जी ज्याला हवी ती. आणि हे सारे शक्यतो साम्राज्यातच. इंग्लंडच्या चुकीमुळे संबंध तोडण्याची वेळ आली तर मात्र त्याला तयारी. याच अधिवेशनात काँग्रेसच्या सभासदत्वासाठी वर्गणीऐवजी दरमहा २,००० वार सुताची अट ठरली. चरखा फिरवणारा हात हाच मतदाराचा हात, असा त्यामागचा विचार. ही अट वर्षभरही धड टिकली नाही. पण स्वातंत्र्याचा संबंध अंगमेहनतीशी जोडण्याचा हा प्रयत्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता, असे माझे मत आहे.

त्याच दिवसांत बेळगावला आणखी दोन मांडव होते. पहिला कर्नाटक एकीकरण परिषदेचा, सिद्दप्पा कंबळी यांच्या अध्यक्षतेखाली. मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर असा विखुरलेला कन्नड मुलूख एक व्हावा, ही तिची मागणी. त्या मंडळींसाठी स्वातंत्र्याचा अर्थ इंग्रज जाण्याने पुरा होत नव्हता. आपली भाषा बोलणारे एका छत्राखाली येणे हे त्याचे दुसरे अंग होते. काँग्रेसने १९२० नंतर आपल्या प्रांतिक समित्या भाषावार केल्या तेव्हा बेळगाव जिल्हा कर्नाटक समितीत गेला होता. पुढे जो सीमाप्रश्न पेटला त्याची मुळे अशी थेट स्वराज्याच्या आराखड्यापर्यंत जातात.

दुसरा मांडव खिलाफत परिषदेचा, अध्यक्ष डॉ. सैफुद्दीन किचलू. आपल्या दृष्टीने हा मांडव सर्वांत विचार करायला लावणारा आहे. १९१९ पासून खिलाफतीच्या कार्यकर्त्यांनी आझादीचा जो अर्थ घरोघर पोहोचवला, त्यात हिंदुस्थानची मुक्तता आणि मक्का-मदिनेसह जझीरत-उल-अरब परकी सत्तेबाहेर राहणे ही दोन्ही कलमे एकत्र होती. या भागातील किती घरांतून स्त्रियांनी दागिने उतरवून दिले असतील याची मोजदाद कोणी केली नाही. देशभर मात्र ते घडले. आणि ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या राष्ट्रसभेने खिलाफतच रद्द केली! इंग्रजांनी नव्हे, इटालियनांनी नव्हे, खुद्द तुर्कांनी. मुस्तफा कमालच्या अनुयायांना खलिफाविना प्रजासत्ताक हेच स्वातंत्र्य वाटत होते. ज्याच्यासाठी येथील माणूस तुरुंगात गेला, ते तेथील माणसाला आपल्या स्वातंत्र्याच्या वाटेतला अडसर वाटले. त्यानंतर नऊ महिन्यांनी बेळगावात जमलेल्या प्रतिनिधींपुढे पेच उभा होता, तो आझादी या शब्दात आता काय भरायचे हा. त्यातले काही काँग्रेसमध्ये राहिले, काही तबलीग-तनजीमच्या कामाकडे वळले, तर काहींनी हळूहळू स्वतंत्र राजकीय हक्कांची भाषा धरली. १९२४ नंतरच्या मुस्लिम राजकारणाकडे केवळ फुटीरतेचा आलेख म्हणून पाहणारे लेखक हा पेच लक्षात घेत नाहीत. आणि केवळ बलिदानाची गाथा म्हणून लिहिणारे आपले लेखकही तो टाळतात.

निपाणी, एप्रिल १९२५

जुलै १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली होती. डॉ. आंबेडकर तेव्हा चौतिशीच्या उंबरठ्यावर होते आणि महाडचा सत्याग्रह अजून दोन वर्षे दूर होता. केरळात वायकोमचा सत्याग्रह चालू होता. मंदिराभोवतालच्या रस्त्यावरून चालण्याचा हक्क एवढीच तिथली मागणी. अशा वेळी निपाणीची परिषद भरली.

गांधीजींविषयी आंबेडकरांची त्या वर्षीची भूमिका नंतरच्या कडवट काळाच्या चष्म्यातून पाहिली तर चुकीची वाटेल. १९२५ सालच्या भाषणात त्यांनी गांधीजींचे ऋण मान्य केले आहे. सामाजिक अन्याय दूर केल्याशिवाय राजकारण अपुरे, हे गांधीजींपूर्वी राजकीय पुढाऱ्यांनी असे सांगितले नव्हते, हे ते कबूल करतात. मात्र लगेच त्यांचा आक्षेप येतो, आणि तो बेळगावच्या ठरावावर नेमका बसतो. खादी आणि हिंदू-मुस्लिम ऐक्य यांवर गांधीजी जेवढा भर देतात तेवढा अस्पृश्यतानिवारणावर देत नाहीत. दिला असता तर काँग्रेसमध्ये मताचा अधिकार मिळण्यासाठी अस्पृश्यतानिवारण हीच अट घातली असती. २,००० वार सूत कातणाऱ्याला मत आणि विहिरीवर दुसऱ्याला पाणी न भरू देणाऱ्यालाही मत, हे कसे? सुताची अट ताजी असल्यामुळे श्रोत्यांना हा मुद्दा समजायला वेळ लागला नसणार.

बेळगावच्या मांडवात 'स्वराज्य कोणापासून?' याचे उत्तर ठरलेले होते. निपाणीच्या मांडवात 'कोणाच्या हाती?' हा प्रश्न अधिक निकडीचा होता. १९३० च्या गोलमेज परिषदेत आंबेडकरांनी इंग्रजी अमलाने अस्पृश्यांची स्थिती बदलली नाही असे स्पष्ट सांगून स्वराज्याचा पुरस्कारच केला. पण राजकीय सत्तेत स्वतःचा वाटा मिळाला तरच त्या स्वराज्याला अर्थ, ही अट घालून. त्या अटीची बीजे निपाणीसारख्या गावांतील परिषदांत आहेत. आपल्याकडे राखीव जागांच्या प्रश्नावर बोलताना हा दुवा सहसा जोडला जात नाही.

एकाच शहरात दोन तारखा

शहापूर आज बेळगाव शहराचाच भाग आहे. १९४७ साली ते सांगली संस्थानात होते. त्यामुळे १५ ऑगस्टला बेळगावात इंग्रजी अंमल संपला, तेव्हा शेजारच्या शहापुरात कारभार सांगलीकर पटवर्धनांचाच राहिला. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते ८ मार्च १९४८ रोजी. निपाणी इंग्रजी मुलखात होते, पण चार पावलांवरचे कागल कोल्हापूर संस्थानात, आणि कोल्हापूरचे विलीनीकरण १ मार्च १९४९ चे. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते. १९५५ च्या सत्याग्रहींनाही आणि १९६१ च्या सैन्यालाही बेळगाव हाच तळ होता. एखाद्या कुटुंबातील मुली बेळगाव, कागल आणि म्हापसा येथे दिल्या असतील, तर त्या घरात स्वातंत्र्याच्या तीन तारखा झाल्या.

१ नोव्हेंबर १९५६ ही आणखी एक तारीख. राज्य पुनर्रचनेने बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळता, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तत्पूर्वी १७ जानेवारी १९५६ रोजी मराठी भाषकांच्या निदर्शनांवर गोळीबार होऊन माणसे दगावली. तो दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे काळा दिन पाळला जातो. १९२४ च्या दोन्ही बाजूंचे वारसदार तेच शब्द वापरतात : भाषा, अस्मिता, मुक्तता. महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरला अशी शिफारस केली. महाराष्ट्राने ती अमान्य केली. २००४ साली प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तो अजून निकाली निघालेला नाही. दरम्यान निपाणीच्या मुलांनी ज्या देवचंद महाविद्यालयात शिकायचे ते अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत. रोज सीमा ओलांडून तासाला बसणारा विद्यार्थी या वादाकडे कसा पाहतो, यावर कोणी प्रबंध लिहिला तर वाचायला आवडेल.

या साऱ्या वादात उर्दू भाषक कोठे होता? दोन्ही बाजूंचे दावे मराठी किती टक्के आणि कन्नड किती टक्के यावर उभे होते. घरात दखनी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणारा माणूस या गणितात बाकी म्हणून उरला. मात्र ज्या सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ चा नकाशा बदलला, तिनेच घटनेत अनुच्छेद ३५० क घातला : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. सीमाभागातील उर्दू आणि मराठी शाळा हा दोन समाजांचा समान आधार आहे. दोघांनी तो एकत्र वापरल्याची उदाहरणे मात्र थोडी आहेत.

तंबाखूचा भाव

१९८१ च्या जानेवारीत गोकाक समितीचा अहवाल आला आणि कन्नड ही माध्यमिक शाळांत एकमेव प्रथम भाषा करावी या शिफारशीवरून वातावरण तापू लागले. त्याच वर्षी १४ मार्चला निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर तंबाखू उत्पादक शेतकरी येऊन बसले. नेतृत्व शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांचे, स्थानिक पुढाऱ्यांत प्रा. सुभाष जोशी. हजारो माणसे बैलगाड्यांसह रस्त्यावर राहिली. त्या वस्तीला आंदोलननगरी म्हणत. मागणी तंबाखूला रास्त भाव मिळण्याची. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि १२ शेतकरी मरण पावले.

रस्त्यावर बसलेल्यांत मराठी होते, कन्नड होते आणि मुसलमान शेतकरीही होते. शरद जोशी यांची मांडणी अशी, की गोरा साहेब गेला तरी कच्चा माल स्वस्तात उचलण्याची रीत तीच राहिली. शेतकऱ्याचे स्वातंत्र्य म्हणजे आपल्या मालाचा भाव ठरवण्याचे स्वातंत्र्य. १९९४ साली त्यांनी काढलेल्या पक्षाच्या नावातही 'स्वतंत्र' हा शब्द आहे. रायण्णाच्या शेतसनदीपासून इथवरचा धागा सरळ आहे असे मी म्हणणार नाही. पण स्वातंत्र्याचा अर्थ जमिनीपासून आणि तिच्या उत्पन्नापासून मोजणारी माणसे या जिल्ह्यात सलग दिसतात.

याच निपाणीत तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या स्त्रियांची संघटना त्याच सुमारास उभी राहत होती. 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा युगांतर चित्रपटगटाचा १९८२ चा माहितीपट त्यांच्या संघर्षावर, त्यांच्याच सहभागाने तयार झाला. तंबाखू कुटणे, चाळणे, पोती भरणे, दिवसभर नाकातोंडात धूळ. ठरलेली मजुरी, ठरलेले तास आणि मुकादमाच्या तोंडून माणसासारखी हाक, हे त्यांच्या मागण्यांचे स्वरूप. शेतकऱ्याला भाव मिळाला म्हणून वखारीतल्या बाईची मजुरी आपोआप वाढत नव्हती.

आणि वखारीपर्यंतही न जाणारी तिसरी स्त्री म्हणजे घरी बसून विड्या वळणारी. आपल्या समाजातील बायकांचा यात मोठा भरणा आहे. घराबाहेर पडावे लागत नाही, पदर सांभाळला जातो, मुले डोळ्यांसमोर राहतात, म्हणून हे काम मोकळिकीचे मानले गेले. मजुरी १,००० विड्यांच्या हिशेबाने, त्यातून ठेकेदार नापास करील त्या वजा. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले. त्यानंतर कल्याण निधी आला, आणि त्याच्या ओळखपत्रावर मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना हे कार्ड आपण सर्वांनी हाताळले आहे. ते आईच्या नावाचे असते, वडिलांच्या नव्हे. याआधी कोणत्या कागदावर तिचे नाव कमावती म्हणून आले होते, हे एकदा विचारून पाहावे.

माध्यम निवडण्याचा अधिकार

कन्नडसक्तीच्या विरोधात १९८६ साली बेळगावात मोठे आंदोलन झाले, त्यातही जीव गेले. १९९४ च्या एप्रिलमध्ये कर्नाटक सरकारने पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधून असावे असा आदेश काढला. वरवर पाहता ३५० क चाच हा विस्तार. त्याला न्यायालयात आव्हान मिळाले, आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला : मुलाने कोणत्या माध्यमातून शिकावे हे निवडण्याचा अधिकार भाषण व अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतो, मूल कोणत्या भाषेत सहज वावरते हे पालकांनी ठरवायचे, राज्य मातृभाषा लादू शकत नाही.

१९५६ साली स्वातंत्र्य म्हणजे बहुसंख्याकांच्या भाषेच्या दडपणातून आपली भाषा वाचवण्याची मुभा होती. २०१४ साली तिचा अर्थ आपली भाषा सोडून इंग्रजीकडे जाण्याचीही मुभा असा झाला. कायद्याच्या दृष्टीने निर्णयात वावगे काही दिसत नाही. परंतु ही निवड खरोखर मोकळेपणी होते का, याबद्दल मला शंका आहे. ज्या गल्लीतल्या उर्दू शाळेत शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि समोरच्या इंग्रजी शाळेची गाडी दारात येते, तिथे पालकाने केलेल्या निवडीत अभिव्यक्ती किती आणि नाइलाज किती? मराठी शाळांची स्थिती याहून निराळी नाही. विड्या वळून फी भरणारी आई जेव्हा मुलाला इंग्रजी माध्यमात घालते, तेव्हा तिच्या मनात मातृभाषेविषयी अनादर नसतो. आपल्या हातातली सुपली मुलाच्या हातात जाऊ नये, हा तिचा आझादीचा अर्थ आहे. आणि तोच मुलगा पाचव्या इयत्तेत आजीने लिहिलेले उर्दू पत्र वाचू शकत नाही. आपल्या प्राथमिक शाळांचे पट दरवर्षी जून महिन्यात आपल्या हाती येतात. ते मांडून, किती मुले गेली, कोठे गेली आणि पालकांनी कारण काय सांगितले, याची नोंद गावनिहाय ठेवायला सुरुवात केली, तर पुढच्या अभ्यासकाला अंदाजावर लिहावे लागणार नाही.